न विचारलेले रोजे

शाबान १२, मंगळवार

आजपासून मी बोलणार आणि ही लिहिणार. ही म्हणजे माझी नात. चष्मा लावते म्हणून मी हिला ढापणी म्हणते. आत्ता हे लिहितानासुद्धा तिनं नाक मुरडलं. मुरड बाई, पण लिही.

ही टूम माझ्या सुनेची, म्हणजे ढापणीच्या आईची. काल मशीनवर बसल्या बसल्या, सुईत दोरा ओवत, मान वर न करता म्हणाली, "आई, गल्लीतली बाई गेली की तिला शेवटची आंघोळ तुम्ही घालता. तुम्हाला जे येतं ते कुठंच लिहिलेलं नाही. रोज संध्याकाळी असरच्या नमाजानंतर थोडा वेळ बसा आणि हिला सांगा. ही लिहून घेईल."

मी म्हटलं, "मला अक्षर येत नाही म्हणून टोमणा मारतेस का गं?"

"टोमणा मारायचा असता तर दोन शब्दांत मारला असता."

हे मात्र खरं. शाळेचे गणवेश शिवून शिवून हिची जीभही कात्रीसारखी झालीय.

तर कामाचं. आमच्यात बाई गेली की तिला बायकांनीच न्हाऊ घालायचं. त्याला गुसल म्हणतात. आधी उजवी बाजू, मग डावी. अंगावर चादर ठेवूनच खालून हात फिरवायचा, उघडं करायचं नाही. केसांच्या तीन वेण्या घालायच्या. शेवटच्या पाण्यात कापूर. मग कफन. त्याला शिलाई नसते, म्हणून सूनबाई ते फक्त मापानं फाडून देते आणि म्हणते, एवढ्याच एका गिऱ्हाइकाची माझ्या शिवणीबद्दल तक्रार नसते.

झालं. एवढंच तर आहे. उरलेले दिवस मी सूनबाईच्या कागाळ्या सांगणार. ढापणी म्हणते, "आजी, अम्मी वाचेल हे." वाचू दे की. तोंडावर बोलते तेच इथं बोलतेय.

शाबान १५, शुक्रवार

मागच्या गल्लीतली म्हातारी मास्तरीण गेली. मला बोलावणं आलं. मी चप्पल घालत होते तर सूनबाई म्हणते, "हिलाही घेऊन जा."

"कुणाला?"

"ढापणीला. लिहून काय येतं? हातानं करू दे."

मी उभीच राहिले. लग्न न झालेल्या पोरीनं मय्यतीच्या अंगाला हात लावायचा? आमच्या गल्लीत लग्न न झालेली मुलगी त्या खोलीच्या दाराशीसुद्धा जात नाही. पोरीचं नशीब जड होतं म्हणतात, स्थळं येत नाहीत.

"हे दीनाचं की गल्लीचं, आई?"

हा तिचा ठरलेला प्रश्न. दीन म्हणजे धर्म. सूनबाईनं कुराण अर्थासकट वाचलंय. मी म्हणते, तिन्हीसांजेला नखं कापू नयेत. ही विचारते, दीनाचं की गल्लीचं? मी म्हणते, बाईनं मोठ्यानं हसू नये. ही विचारते, दीनाचं की गल्लीचं? बहुतेक वेळा ते गल्लीचंच निघतं आणि मी चहा मागून विषय बदलते.

"गल्लीचं," मी म्हटलं. "पण मी राहते गल्लीतच."

आणि एकटी गेले. मदतीला वरच्या मजल्यावरची होती. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण बंद कसा करायचा ते कुणाला ठाऊक नाही. काम नीट झालं. फक्त कुशीवर वळवताना माझा हात थरथरला आणि तांब्या हातातून निसटला. पाणी माझ्याच पायावर पडलं. रेडिओनं पाहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार.

घरी आले तर सूनबाईनं माझ्या ओल्या चपलांकडे बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शाबान २०, बुधवार

मला आता कळलं. मला घरी बसवायचा बेत आहे. हात थरथरतात, म्हणून माझं काम पोरीला द्यायचं आणि मला कोपऱ्यात तसबीहची माळ देऊन बसवायचं. मी मुलाला सरळ विचारलं. मुलगा घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतः कधी वेळेवर घरी येत नाही. हल्ली मात्र लवकर येतो आणि मशीनशेजारी स्टूल घेऊन नुसता बसून राहतो. मी म्हटलं, "तुझी बायको मला काढून टाकतेय."

तो म्हणाला, "नाही गं आई. तिचं ऐक ना या वेळी."

लग्नाला इतकी वर्षं झाली. दोघींच्या भांडणात हा कायम घड्याळात डोळा घालून बसायचा. आज पहिल्यांदा बाजू घेतली, तीही तिची. मी रात्री जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही, म्हणून मग उठून जेवले.

शाबान २६, मंगळवार

एका आड एक मंगळवारी सूनबाई गणवेश पोचवायला शहराच्या त्या टोकाला जाते. मुलगा सोबत जातो, गठ्ठा जड असतो म्हणून. आज परत आली ती मातीच्या रंगाची होऊन. आली तशी आडवी झाली. मगरिबची वेळ, घरात दिवा लावायचा सोडून ही भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मी म्हटलं, "रिक्षात बसून कुणी एवढं दमतं का? आम्ही नळावरून घागरी आणायचो."

"हो आई. तुम्ही विहीरसुद्धा खांद्यावर आणली असेल."

आवाज अगदी बारीक, पण उत्तर आलं. उत्तर आलं की मला बरं वाटतं.

आणि दुसरी कागाळी. महिनाभर ही घरातसुद्धा डोक्याला घट्ट रुमाल बांधून असते. घरात आम्ही दोघी बायका, एक मुलगी आणि तिचा स्वतःचा नवरा. मी विचारलं, "झाकतेस कुणापासून? माझ्यापासून?"

"डोक्याला वारा लागतो."

उन्हाळ्यात. वारा. या घरात पंखासुद्धा नीट लागत नाही.

रमजान १, शनिवार

पहिला रोजा. पहाटे सूनबाईनं सगळ्यांना उठवलं, वाढलं, माझ्या ताटात खजूर जास्तीचे टाकले. पण स्वतः बसली नाही. दुपारी स्वयंपाकघरात कप वाजला.

आता हे समजावून सांगायला हवं, कारण वाचणारा पुरुष असेल तर त्याला कळणार नाही. बाईला महिन्याचे दिवस आले की रोजा नाही, नमाजही नाही. ती सवलत अल्लाहनंच दिलीय. पण गल्लीची रीत अशी, की हे कुणाला कळता कामा नये. म्हणून ती बाई दिवसभर रोजा असल्यासारखीच वावरते. दाराआड उभी राहून घोटभर पाणी पिते आणि तोंड पुसून बाहेर येते. आणि बाकीच्या बायकांनी, दिसलं तरी, विचारायचं नाही. बापासमोर, भावासमोर तर नाहीच, पण आपसातही नाही. माझ्या सासूनं मला कधी विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात येण्याआधी खोकायची, म्हणजे मला कप लपवायला वेळ मिळावा. कजाग बाई होती, पण ते खोकणं मी विसरले नाही.

मीही आज खोकले. दोनदा. कप लपल्याचा आवाज आला, मग आत गेले.

रमजान ६, गुरुवार

सूनबाईला अजून रोजा नाही. ठीक आहे. होतं कुणाकुणाला जास्त.

संध्याकाळी रोजा सोडायला बसतो तेव्हा ती आमच्यातच बसते, हातात खजूर धरून, बांग व्हायची वाट बघत, जणू दिवसभर तीही उपाशी आहे. खरं म्हणजे तिच्याकडे बघून ती उपाशी आहे असंच वाटतं. मुलगा तिच्या ताटाकडे बघत असतो. माझ्या ताटाकडे कधी एवढं बघितलं नाही त्यानं.

ढापणीला सर्दी झालीय. लिहिता लिहिता सारखी नाक पुसते, डोळे लाल. मी म्हटलं, रोजा सुटल्यावर गरम पाण्याची वाफ घे. मान हलवते आणि पुन्हा नाक पुसते. बघा, आत्ताही.

रमजान ११, मंगळवार

दहा रोजे गेले, सूनबाईचा एकही नाही. आज ती पुन्हा गणवेश पोचवून आली. रमजानात कुठली शाळा गणवेश मागवते? पण ते जाऊ दे.

मी विचार केला, आणि माझ्या लक्षात आलं. वय. या वयात बाईचं सगळं वेळापत्रक बिघडतं. माझंही बिघडलं होतं, दीड महिना पाय ओढत होते, चिडचिड होती, आणि माझ्या वेळी सांगायला कुणी नव्हतं. म्हणून मी गल्लीची रीत थोडी वाकवली. विचारलं नाही, नुसतं तिच्या खाटेवर बसून म्हटलं, "या वयात होतं असं. घाबरायचं नाही. थोडे महिने त्रास, मग सुटका. मग तू आणि मी सारख्याच म्हाताऱ्या. मग खरी मजा, भांडणाला बरोबरी येईल."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना. माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं माझा हात धरलेला मला आठवत नाही. ईदला गळाभेट घेते तेवढंच.

"हो आई," म्हणाली. "थोडेच महिने."

मला फार बरं वाटलं. सासूसारखी सासू निघाले मी.

रमजान १४, शुक्रवार

पुरुष जुम्याच्या नमाजाला गेले होते. मला तहान नव्हती, भूक नव्हती, पण तोंडावर पाणी मारावं वाटलं म्हणून मोरीकडे गेले. खोकले नाही. मोरीत कुणी चहा पीत नाही, तिथं कशाला खोकायचं?

सूनबाई स्टुलावर बसून नमाजाआधीची वजू करत होती. हात धुतले, तोंड धुतलं, कोपरापर्यंत पाणी घेतलं. वजूत ओला हात डोक्यावरून फिरवायचा असतो. त्यासाठी तिनं रुमाल सोडला.

डोक्यावर एक केस नव्हता.

लहान मुलाचं जावळ काढल्यावर असतं तसं डोकं. त्यावरून तिनं ओला हात फिरवला, पुढून मागे, अगदी नियमाप्रमाणे. माझी ही सून, जिच्या वेणीवरून मी पहिली कितीतरी वर्षं टोमणे मारले, की एवढ्या केसांना लावायला तेल काय तुझ्या माहेरहून येतं?

आणि मग दुसरी गोष्ट कळली. वजू. म्हणजे ती नमाज पढते. खोलीचं दार लावून रोज पढत असणार. नमाज आहे आणि रोजा नाही, म्हणजे महिन्याचं काही नाही. वयाचंही नाही. नमाज असून रोजा माफ असतो तो आजाऱ्याला.

तिनं मागे वळून बघितलं. रुमाल उचलायची घाई केली नाही.

"खोकला नाहीत आज," म्हणाली.

लिही गं. थांबू नकोस. नाक पूस आणि लिही. तुला सर्दी नव्हती, मला कळलंय आता.

रमजान १५, शनिवार

सगळ्यांना माहीत होतं. मुलाला, या ढापणीला, बहुधा रेडिओलासुद्धा, आणि तरी रेडिओ गप्प राहिला, म्हणजे बघा. मंगळवारचे गणवेश म्हणजे मोठा दवाखाना. तिथं सुया द्यायचे. आता त्याही बंद केल्यात. त्यांच्यानं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं म्हणे.

मी सूनबाईवर ओरडले. मला का सांगितलं नाही? मी काय परकी? माझं काळीज कच्चं आहे म्हणून? या हातांनी मी किती बायका पोचवल्या, आणि माझं काळीज कच्चं?

ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "तसं नाही हो. हे कळल्यापासून घरात सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. तुमचा मुलगा तर असा बोलतो, जसं काही मी घड्याळाची काच आहे. तुम्ही एकट्याच माझ्याशी भांडत होतात. दुपारी तुम्ही कुरकुर केलीत की मला वाटायचं, आहे, अजून मी या घरात आहे. तेवढं मला घालवायचं नव्हतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिच्यासाठी पातळ भात केला. रोजा होता म्हणून चाखला नाही, मीठ पडलं नव्हतं.

ती म्हणाली, "आई, हा भात आहे की वजूचं पाणी?"

मी म्हटलं, "गिळ मुकाट्यानं." दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

रमजान १९, बुधवार

आज तिनं मागितलं. सरळ मागितलं, कापडाचं माप सांगावं तसं.

"माझं गुसल तुम्ही आणि ढापणीनं करायचं. तिसरी बाई आत नको. माझ्या अंगावर शस्त्रक्रियेच्या खुणा आहेत, मागे माहेरी म्हणून गेले होते ना, तेव्हाच्या, आणखीही काय काय झालंय. ते परक्या बाईनं बघू नये. तुम्ही एकट्यानं मला वळवू शकणार नाही, म्हणून ही हवी. तिला शिकवा म्हणून महिनाभर तुमच्या मागे लागलेय."

म्हणजे मला घरी बसवायचा बेत नव्हता.

मी नाही म्हटलं. लिही, नाही म्हटलं. पोरगी लग्नाची आहे. गल्ली काय म्हणेल? उद्या कुणी दारात आलं नाही तर कुणाला विचारायला जाऊ, तुला? यावेळी तिनं दीनाचं की गल्लीचं असं विचारलंसुद्धा नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की मी जे नाही म्हणतेय ते गल्लीसाठी नाही. हो म्हटलं तर ते होणार, असं मला वाटत होतं. जणू माझ्या हो-नाहीवर ते अडलंय.

ढापणी आत्ता लिहिता लिहिता म्हणाली, "आजी, मला करायचंय."

"तू गप्प बस आणि लिही."

"लिहिलं," म्हणाली. "मला करायचंय, हेही लिहिलं."

रमजान २०, गुरुवार

हो म्हटलं.

रमजान २२, शनिवार

शिकवणी सुरू. खाटेवर लोड आडवा ठेवला, त्यावर चादर घातली. ढापणीला म्हटलं, ही मय्यत समज. शेजारच्या खाटेवरून सूनबाई सगळं बघत होती, मास्तरणीसारखी.

"चादरीखालून हात. चादर उचलायची नाही," मी सांगितलं. "डाव्या हाताला कापड गुंडाळ. आता कुशीवर वळव. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. झटका द्यायचा नाही."

ढापणीनं वळवलं आणि लोड पलीकडून धपकन खाली पडला.

"झालं," सूनबाई म्हणाली. "पोचले मी एकदाची जमिनीवर."

ढापणी हसायला लागली, मग मी, मग मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि आम्हा तिघींना वेड लागल्यासारखं हसताना बघून परत गेला. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो हसत नव्हता.

पुन्हा लोड उचलला. ढापणी डाव्या बाजूनं सुरुवात करायला लागली तशी सूनबाई म्हणाली, "उजवीकडून गं. दाराकडची नाही, माझी उजवी."

माझी म्हणाली. मग ढापणीनं उजवीकडून सुरुवात केली.

रमजान २७, गुरुवार

तिन्हीसांजेला सूनबाई म्हणाली, "आई, रागावून काहीतरी बोला ना."

मी खूप शोधलं. शेवटी म्हटलं, "तुझ्या मशीनखाली केवढा कचरा साठलाय. आळशी आहेस."

"हं," म्हणाली, आणि डोळे मिटून पडली, गोड काही खाल्ल्यासारखी.

शव्वाल ८, सोमवार

शुक्रवारी सूनबाई गेली.

दुपारी जोहरच्या नमाजाआधी. मुलगा उशाशी होता. मी पायाशी होते. ढापणी तिच्या कानाशी कलमा म्हणत होती आणि तिचे ओठ पहिल्या दोन शब्दांपर्यंत हलले, मग थांबले. बाकीचं ढापणीनं म्हटलं.

घर बायकांनी भरलं. पाणी तापलं, त्यात घालायला बोरीचा पाला आला, कापूर आला. रेडिओ बाह्या वर सारून माझ्या बाजूला आली. मी म्हटलं, "तू बाहेर. आत मी आणि ही."

"ही?" तिनं ढापणीकडे बघितलं. सगळ्या बायका बघायला लागल्या. "अहो मावशी, कुवारी पोर आहे. उद्या हिच्या लग्नाचं काय? तुम्हीच तर सगळ्यांना अडवायचात."

"अडवायचे."

"मग?"

मला वाटलं होतं, मी काहीतरी चार शब्द सुनावेन. सूनबाईनं सुनावले असते. मला एवढंच बोलता आलं, "आई आहे तिची." आणि ढापणीचा हात धरून आत गेले. आतून कडी लावली. कडीच्या पलीकडे मुलगा जमिनीवर बसला होता, दाराला पाठ लावून. फटीतून त्याची सावली दिसत होती.

आत आम्ही तिघी.

आणि मग मला जमेना. मी पुढे झाले, डाव्या हाताला कापड गुंडाळलं, आणि हात उचलेना. थरथरत नव्हता. थरथरला असता तर मी त्याला दटावलं असतं. तो नुसता लटकत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. इतक्या बायकांना न्हाऊ घातलं, त्यात माझी सख्खी बहीण होती, माझी सासू होती. तेव्हा हात चालले. या बाईशी तर माझं कधी सूत जुळलं नव्हतं.

ढापणीनं चष्मा काढून खिडकीत ठेवला. माझ्या हातावरचं कापड सोडवून स्वतःच्या हाताला गुंडाळलं. म्हणाली, "आजी, तू पाणी घाल."

मी पाणी घातलं. तिनं उजवीकडून सुरुवात केली. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, हातभर अंतरावरचं माणूससुद्धा धूसर दिसतं. मग चष्मा का काढला, हे मी विचारलं नाही. वळवताना एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. झटका दिला नाही. वेण्या घालायच्या नव्हत्या. तिथं तिनं नुसता ओला हात डोक्यावरून फिरवला, पुढून मागे.

संध्याकाळच्या आत पुरुष तिला घेऊन गेले. आम्ही दारापर्यंत. आमच्या गल्लीतल्या बायका दाराच्या पुढे जात नाहीत. हे दीनाचं की गल्लीचं, ते मला आता कोण सांगणार?

काल रेडिओ म्हणाली, लोक बोलतायत पोरीबद्दल. मी म्हटलं, बोलू देत. ती म्हणाली, नाही मावशी, मी बोलले नाही. मी म्हटलं, तूच नाहीस तर मग कुणीच नाही. ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आवाज न करता.

आज असरनंतर ढापणी आपणहून वही घेऊन बसली. एवढं सगळं सांगितलं, तिनं लिहिलं. मग मला आणखी सांगायचं होतं. आत काय पाहिलं ते. न्हाऊ घालणारीनं आत पाहिलेलं बाहेर बोलायचं नसतं, मय्यतीची ती अमानत, सांभाळायला दिलेली ठेव असते. इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही, रेडिओनं कितीदा खोदून विचारलं तरी नाही. पण आज मला राहवेना. ते माझ्या छातीवर दगडासारखं बसलंय. ती काय काय सोसून त्या मशीनवर बसत होती, आणि मी तिला आळशी म्हणत होते. मला ते कुणालातरी सांगायचं होतं. मी सांगायला लागले. तिच्या अंगावर कुठं आणि काय होतं ते सांगत गेले.

मला अक्षर येत नाही, पण लेखणी थांबली की मला ऐकू येतं.

"का गं? लिहीत का नाहीस?"

"हे लिहायचं नाही, आजी."

"मला कायदा शिकवतेस? मी शिकवला तुला."

"तू नाही शिकवलंस हे. अम्मीनं सांगितलं होतं." तिनं वहीवर हात पालथा ठेवला होता. "म्हणाली, माझ्यानंतर तुझी आजी बोलायला लागेल. कधी बोलली नाही ती, पण माझ्या वेळी बोलेल, आणि मग आयुष्यभर स्वतःला खात बसेल की मी अमानत मोडली. तर तू तिला थांबव."

मी मशीनकडे बघितलं. त्यावर तिनं अर्धवट ठेवलेला गणवेश होता, एक बाही लावलेली.

मी म्हटलं, "बघ कशी आहे. गेली, तरी मला गप्प केलंच हिनं."

ढापणी म्हणाली, "हे लिहू?"

"हे लिही," मी म्हटलं. "हे मोठ्या अक्षरात लिही."